उंबरावरचं आग्या मोहोळ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, यावर माहेर आणि सासर दोन्हीकडचं एकमत आहे. लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईजवळच्या या शेतवस्तीवर आले, तेव्हा सासूबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या की घरात एक तरी तिखट माणूस लागतंच. त्या कौतुकानं म्हणाल्या असं मी बरीच वर्षं धरून चालले. गेल्या शिमग्यापासून मला तसं वाटत नाही.

वस्तीवर आमची दोन घरं आहेत, समोरासमोर, मधे एकच अंगण. एकात आम्ही आणि सासू-सासरे, दुसऱ्यात धाकटे दीर आणि माझी जाऊ. मुलं शिकायला बाहेर आहेत, त्यामुळं अंगणात आवाज असतो तो माझाच. वाटण्या झाल्यात, पण तोंडी. सातबारा अजून मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर आहे. ज्यानं त्यानं आपल्या हिश्श्यात काय पेरायचं ते ठरवावं आणि शेवटचा शब्द मामांचा, अशी आमची वाटणी.

दीर जाफराबाद रोडला काळी-पिवळी चालवतात. त्यांना गाडीच्या आवाजावरून कुठला पार्ट गेला ते कळतं, पण तुरीला शेंग कधी लागते ते विचारू नये. म्हणून त्यांचा हिस्सा आमच्याच घरचे बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर, करायचे. जाऊ मग स्वतःच्याच रानात आमच्याबरोबर खुरपायला यायची, आणि संध्याकाळी हातपाय धुताना मी तिला उद्या कुठल्या सरीला लागायचं ते सांगायचे. ती मान डोलवायची. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. रान तिचं आणि हुकूम माझा, हे डोक्यातच आलं नाही.

गेल्या साली दिवाळीनंतर तीच मामांपुढं जाऊन बसली. विहिरीजवळचा तुकडा मला द्या, मी कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट करते म्हणाली. आमच्याकडं बियाण्यांच्या कंपन्यांचे प्लॉट घरोघरी आहेत, कुणी मिरचीचं बी करतं, कुणी कांद्याचं, त्यामुळं कल्पना नवी नव्हती. नवं होतं ते तिचं बोलणं. मामांनी तिला बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि मग सांगितलं, एक साल करून पाहा. बी धरलं तर रान तुझ्याकडं, नाही धरलं तर पाडव्यापासून थोरला करेल, ते कायमचंच. आमच्या भागात शेताचं साल पाडव्याला सुरू होतं. सालगडी, बटई, जे काय ठरायचं ते त्या दिवशी ठरतं आणि मग वर्षभर कुणी त्यात बदल करत नाही.

थोरला म्हणजे आमचे हे. त्या तुकड्यावर त्यांचा डोळा होता हे काही गुपित नव्हतं. काळी, खोल जमीन, विहीर हाताशी. तिथं मोसंबी लावली तर काय होईल, हे त्यांनी मला जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं की मला त्या बागेची सावलीसुद्धा दिसायला लागली होती.

जाऊनं मात्र जिवाचं रान केलं. थंडीत घोटाभर चिखलात उभी राहून कांदे लावले. फाल्गुन लागेपर्यंत प्लॉट असा आला की वाटेनं जाणारी माणसं थांबून बघायची. हिरव्या नळ्या आणि प्रत्येक नळीवर एक पांढरा गोंडा. त्या दिवसांत आमच्याकडं नुसती धांदल असते. गव्हाला हार्वेस्टर यायचं असतं, त्याचा नंबर लागत नाही, हरभरा खळ्यावर पडलेला असतो, आणि घरात गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालायच्या असतात. मोसंबीच्या बहाराचा वास सगळ्या शिवारात असतो. मला वर्षातले हेच दिवस सगळ्यात आवडतात, किंवा आवडायचे.

विहिरीवर उंबर आहे. तो बांधाच्या आमच्या बाजूला येतो. त्याच्या आडव्या फांदीला दरवर्षी आग्या मोहोळ लागतं, चांगलं सुपाएवढं. लांबून काळं दिसतं आणि मधूनच सगळ्या माशा एकदम सळसळतात. आम्ही त्याच्या वाटेला जात नाही, ते आमच्या वाटेला जात नाही.

कुरडया घालायच्या दिवशी जाऊ मला मदतीला आली होती. साचा दाबता दाबता म्हणाली, "बाई, उंबरावरचं मोहोळ महिनाभर राहू द्या. माझे गोंडे फुलून राह्यले. माशा फिरल्या तरच बी धरन." मी म्हटलं, मी काय करते त्याला, झाड काय डोक्यावर घेऊन हिंडते का. ती हसली. माझा होकार समजून हसली, आणि तो होकारच होता. ही गोष्ट आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हती.

होळीच्या आदल्या दिवशी मी मोटार चालू करायला विहिरीवर गेले आणि एक माशी पापणीवर बसली. बसली कसली, डसली. घरी येईपर्यंत डोळा मिटला आणि तासाभरात अर्धा चेहरा सुजला. सासूबाईंनी चुना लावला. ह्यांनी बघितलं आणि पोट धरून हसले. संध्याकाळी दळण आणायला गेले तर गिरणीवरच्या बायकाही हसल्या. एकीनं विचारलं, घरी भांडण झालं का. धुळवडीला माझा भाऊ आणि भावजय येणार होते, आणि भावजयीसमोर असलं तोंड घेऊन पुरणपोळ्या वाढायच्या या विचारानं माझं डोकं फिरलं. मी तिथूनच मोहोळ काढणाऱ्याला निरोप धाडला.

होळीच्या दिवशी दुपार कलल्यावर दोघे जण आले. जाऊ तेव्हा रेणुकेच्या देवळात ओटी भरायला गेलेली होती. तिला विचारायला हवं होतं, पण ती घरी नव्हती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. ते खरं नाही. ती घरी नाही हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी त्या दोघांना म्हटलं, लवकर आटपा.

त्यांनी ओल्या गवताचा धूर केला. माशा उठल्या, उंबराभोवती काळा भोवरा फिरला, आणि सगळं आटपायला चहा उकळण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. पोळं कापून त्यांनी पातेलंभर मध दिला. घरात मी सांगितलं, डसत होत्या म्हणून काढून टाकलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उरलेल्या माशा दुसऱ्या दिवशी लिंबाला लोंबत होत्या, तिसऱ्या दिवशी तिथंही नव्हत्या.

आणि मी काय केलं, तर होळीचा नैवेद्य झाल्यावर पुरणपोळ्यांबरोबर एक वाटी मध जावेकडं नेऊन दिला. मला खरंच वाटलं की मी चांगलं वागते आहे. तिनं वाटीकडं पाहिलं, मग दारातून उंबराकडं पाहिलं. कधी काढलं, एवढंच विचारलं. मी सांगितलं आणि लगेच माझा सुजलेला डोळा पुढं केला, बघ कसं केलंय म्हणून. तिनं डोळा बघितला. फार सुजलाय, म्हणाली. वाटी दुसऱ्या दिवशी घासून परत आली. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून तिनं त्यात चार कोवळ्या कैऱ्या टाकल्या होत्या.

त्यानंतरच्या चार-सहा दिवसांत गोंडे भरात आले. सगळा तुकडा पांढरा झाला आणि त्यात आवाज नव्हता. एरवी फुललेल्या कांद्याच्या प्लॉटजवळून गेलं की कानात गुणगुण भरते. इथं बांधावर उभं राहिलं तर लांबच्या रस्त्यावरच्या मोटारसायकली ऐकू यायच्या. कंपनीचा माणूस पाहणीला आला तर त्यानं पहिलं हेच विचारलं की माशा कुठं आहेत. जाऊ म्हणाली, मोहोळ होतं, गेलं. गेलं म्हणाली, काढलं म्हणाली नाही. मी पलीकडं हरभऱ्याचं काड गोळा करत होते, मला स्पष्ट ऐकू आलं. माशांच्या पेट्या भाड्यानं मिळतात, पण त्या यायच्या आत फूल निघून जाईल, असं तो म्हणाला. मग आता हातानं करा, म्हणाला.

हातानं करणं म्हणजे तळव्याला जुन्या सुती धोतराचा मऊ फडका गुंडाळायचा आणि तो एका गोंड्यावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवत जायचं. माशी जे करते ते माणसानं करायचं. दंव सुकलं की सुरुवात करायची आणि ऊन चढेपर्यंत वाकून चालत राहायचं. एक गोंडा एकदम फुलत नाही, आज काही फुलं, उद्या काही. त्यामुळं आज ज्या सरीतून गेलं, उद्या पुन्हा त्याच सरीतून जायचं. सबंध तुकडा, एकटी बाई.

मी माझ्या खळ्यावरून तिला बघायचे. पदर डोक्याला घट्ट बांधलेला, एक हात पुढं, पाठ वाकलेली. ह्यांना म्हटलं, आपल्याकडून चूक झाली. हे म्हणाले, आपण काय मुद्दाम केलं का, माशी तुला डसली की नाही. डसली तर होतीच.

मग एका दुपारी मी हरभरा चाळत बसले होते. हात चालला होता आणि मन आपलं कुठंतरी. अचानक लक्षात आलं की मी मनात मोसंबीच्या ओळी आखते आहे. विहिरीकडून पहिली ओळ, उंबराच्या सावलीत येईल ती जागा सोडून द्यायची, तिथं घरापुरती भाजी. तो तुकडा मी केव्हाच घेऊन टाकला होता. चाळणी माझ्या हातातच राहिली. मला स्वतःची इतकी किळस आली की मी उठून मोरीत गेले आणि उगाचच तोंड धुतलं. मोहोळ मी डोळ्यासाठी काढलं की रानासाठी, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं, आणि मला ठामपणे सांगता आलं नाही. आजही येत नाही. डोळा तर सुजला होता. पण सूज चार दिवसांत उतरणारच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळव्याला फडकं गुंडाळून तिच्या प्लॉटवर गेले. ती मला येताना बघत उभी राहिली. मी म्हटलं, सांग कुठून लागू. मग तिनं पलीकडच्या कडेला बोट केलं. ती इकडून, मी तिकडून, मधे सगळं रान. मला बरंच वाटलं, बोलावं लागणार नव्हतं.

मी रोज जायला लागले. घरची भांडी तशीच टाकून जायचे. पाठीचा काटा ढिला झाला, हात पिवळे झाले, कांद्याच्या उग्र वासानं जेवण जाईना. हे सगळं मला हवंच होतं. दुखलं की जरा हलकं वाटायचं, काहीतरी फिटतंय असं वाटायचं. लबाडी काय असते ते बघा. जे एका वाक्यानं झालं असतं ते मी कंबर मोडून करत होते, कारण कंबर मोडणं सोपं होतं.

खरी शिक्षा वेगळीच निघाली. वाटेनं जाणाऱ्या बायका थांबायला लागल्या. वाटण्या झाल्यावर जावा एकमेकींच्या दारात जात नाहीत, आणि इथं थोरली धाकटीच्या रानात राबते, म्हणून कौतुक सुरू झालं. जाऊ असावी तर अशी, एकजण म्हणाली, आणि ते जावेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. जाऊ मान खाली घालून पुढच्या गोंड्याकडं गेली. मामांनी गावात चावडीवर माझं नाव कौतुकानं घेतलं. सासूबाईंनी रात्री माझ्या पाठीला तेल लावलं आणि तिखट असली तरी मनानं मऊ आहे म्हणाल्या. मी पालथी पडून होते, उशीत तोंड होतं, म्हणून निभावलं. त्या कौतुकापुढं गिरणीवरचं हसणं परवडलं असतं.

सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. रोज सकाळी बांध ओलांडताना ठरवायचे. मग वाटायचं, बी धरलं तर सांगायची गरजच काय, आणि धरेलही. मग मी आणखी जोरात हात चालवायचे.

पाडवा आला. गुढी उभारली, कडुलिंबाचा मोहर आणि गूळ खाल्ला, जेवणं झाली. उन्हाचा कडाका जरा कमी झाल्यावर मामा पांढरी टोपी घालून प्लॉटकडं निघाले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं. दीर गाडी लावून घरीच थांबले होते, तेही आले. जाऊ नव्या साडीत होती. तिच्या हातांचा पिवळा रंग गेला नव्हता, माझ्याही.

मामा सरीत शिरले. एक गोंडा हातात घ्यायचा, बोटानं दाबून बघायचा, सोडायचा, पुढचा घ्यायचा. बी धरलं असलं तर बोंड टरारलेलं लागतं, नसलं तर नुसतं फोलपट. आधी फुललेले गोंडे तोवर कळण्याइतके झाले होते. मामा बराच वेळ फिरले. मीही माझ्या जवळचा एक दाबून पाहिला, दुसरा दाबून पाहिला. काही भरले होते, पण पोकळ जास्त होते. दोन बायकांच्या हातांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं.

मामा बांधावर परत आले आणि हात झटकले. "पाणी चुकलं," ते म्हणाले. "बाईमाणसाला जमायचं न्हाई हे, मी म्हणल्तोच." ह्यांनी घसा खाकरला आणि तुकड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मला ती नजर ओळखू आली. तीच मी चाळणी हातात घेऊन फिरवली होती.

जाऊ गोंड्याकडं बघत होती. ती माझ्याकडं वळून बघेल असं मला वाटलं, नव्हे, तिनं बघावं म्हणजे मला बोलता येईल अशी मी वाट पाहिली. तिनं बघितलं नाही. दीर म्हणाले, जाऊ द्या बाबा, तिनं हौस केली. तरी ती काही बोलली नाही. मग मला कळलं की ही मरेपर्यंत सांगणार नाही, आणि मी गप्प राहिले तर उद्यापासून हीच बाई पुन्हा माझ्या मागं खुरपं घेऊन चालेल आणि मी तिला सरी दाखवीन.

"मामा, पाणी न्हाई चुकलं," मी म्हणाले. "तिनं मला सांगितल्तं, मोहोळ राहू द्या म्हणून. मी हो म्हणल्ते. ती देवळात गेल्ती तव्हा मी काढायला लावलं."

मामांनी जावेला विचारलं, हे खरं का. ती हो म्हणाली. मग इतके दिवस बोलली का नाही, असं त्यांनी विचारलं तर ती पुन्हा गोंड्याकडं बघायला लागली. मामा माझ्याकडं बघतील म्हणून मी खाली बघत राहिले. तोंडात मारल्यासारखं कशाला म्हणतात ते मला तिथं कळलं, कुणी हातही उचललेला नसताना. शेवटी ते जावेला म्हणाले, आणखी एक साल कर, रान तुझ्याकडंच राहू दे. आणि टोपी सारखी करून घराकडं गेले. दीर त्यांच्या मागं गेले. हे सगळ्यांत शेवटी गेले, माझ्याशी एक अक्षर न बोलता.

आम्ही दोघीच राहिलो. लाज वाटत होतीच, पण खोटं कशाला सांगू, छातीवरचा दगडही उतरला होता. मी तिला रान मिळवून दिलं, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं. उशिरानं फुललेले गोंडे अजून बाकी होते. मी म्हटलं, उद्या लवकर येते, हे राहिलेले तरी करून घेऊ.

ती वाकून पायाशी पडलेला एक मोडका गोंडा उचलत होती. तो तिनं बांधाबाहेर टाकला आणि सरळ उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"बाई, पहिल्या दिवशी तुम्ही आल्या तव्हा मला वाटलं, सांगायला आल्या," ती म्हणाली. "मंग रोज वाटायचं, आज सांगताल. मला तुमचा हात नव्हता पाहिजे."

ती सरीत उतरली आणि एकटीच पुढं गेली. मी घराकडं निघाले, तर वाटेत शेजारच्या वस्तीवरची म्हातारी भेटली आणि म्हणाली, सणाच्या दिवशीसुद्धा जावेच्या रानात, धन्य आहे बाई तुझी. मी थांबले आणि तिलाही सगळं सांगितलं. त्यानंतर जी जी भेटली, तिला तिला सांगत गेले.